नागप्पा नगरातला ओटा

लातूर जिल्हा झाला त्या दिवशी गंजगोलाईच्या बाजारात पेढ्याचा तुकडा शिल्लक राहिला नाही. कचेरीच्या कामाला उस्मानाबादचे हेलपाटे मारून ज्यांच्या चपला झिजल्या होत्या ते खूश होते, वकील खूश होते, मास्तर खूश होते. पण ज्यांची जमीन गावाच्या कडेला होती त्यांची खुशी काही वेगळीच होती, आणि ती तोंडावर दिसू नये म्हणून ते बिचारे फार जपत होते. कालपर्यंत ज्या रानात करडईसुद्धा रडतखडत यायची, त्या रानाला ही माणसं आता देवळाला घालावी तशी प्रदक्षिणा घालू लागली.

शिवमूर्ती त्यातलाच एक. बाजारात त्याचं अडतीचं दुकान होतं. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, बोलणं मऊ, आणि ज्वारीची मूठ हातात घेतली की भाव सांगण्यात चूक नाही. हे दुकान त्याच्या वडिलांनी, नागप्पांनी घातलेलं. औशाच्या रस्त्याला एक रानही ते ठेवून गेले होते. रान कसलं, मुरूम आणि कुसळं. पण आता जिल्ह्याच्या कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागून साहेब आले, साहेबांमागून कारकून आणि कारकुनांमागून त्यांची बायकापोरं. एवढ्या लोकांना ठेवायचं कुठं? गावातले लोक गुरांचे गोठे झाडून, चुना मारून भाड्यानं देऊ लागले आणि वर पुन्हा खोली हवेशीर आहे म्हणून सांगू लागले. अशा वेळी शिवमूर्तीनं त्या मुरमाचे प्लॉट पाडायचं ठरवलं, यात कुणी नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं.

अडचण एकच होती. त्या रानात नागप्पा स्वतः होते.

बहात्तरच्या दुष्काळात ते गेले. लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत. त्याला बसवतात, त्याचं इष्टलिंग त्याच्या हातावर ठेवतात, भस्म, बेल आणि मीठ घालून मातीआड करतात. नागप्पांना त्यांच्याच रानात, लिंबाच्या झाडाखाली समाधी दिली. त्यांच्या गळ्यातल्या लिंगाची डबी चांदीची होती. शिवमूर्तीची आई गौरम्मा हिनं लग्नानंतर स्वतःच्या पायातले तोडे मोडून ती घडवून घेतली होती. एकदा ती डबी विहिरीच्या काठावर आपटून चेमटली, तेव्हा सोनारानं तांब्याचा टाका घालून दिला. समाधी देताना भावकीतल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं, चांदी काढून घ्या, दिवस वाईट आहेत, पोटाला होईल. गौरम्मा म्हणाली, "त्यांच्याबरोबर असू द्या. आम्ही उपाशी ऱ्हाऊ." आणि त्या वर्षी ते खरोखर कित्येकदा उपाशी राहिले.

समाधीवर ओटा बांधायचा होता. पण चुना कालवायला पाणी आणायचं कुठून? माणसं प्यायच्या पाण्यासाठी कोसभर चालत होती. म्हणून एक काळा दगड तेवढा आणून ठेवला. शिवमूर्तीनं आईला शब्द दिला, "अव्वा, पाऊस पडू दे, पहिला ओटा अप्पाचा." पाऊस पडला. पुढच्या वर्षी चांगला पडला, त्याच्या पुढच्या वर्षी त्याहून चांगला. दुकानाला नवी फरशी बसली, घरावर माडी चढली, आणि दगड होता तिथंच उन्हापावसात बसून राहिला. शिवमूर्ती काही नालायक मुलगा नव्हता. तो नुसता उद्या बांधू म्हणणारा मुलगा होता, आणि असे मुलगे घरोघर असतात.

नकाशा काढायला माणूस आला. रानात साखळी टाकून झाल्यावर त्यानं विचारलं, "मालक, मधी काही देवस्थान, समाधी, विहीर असलं तर आत्ताच सांगा. नकाशात दाखवावं लागतं."

शिवमूर्तीच्या ओठावर आलं होतं. त्याच वेळी त्याला दिसलं, की समाधी आहे ती रानाच्या ऐन पोटात. नकाशात ती दिसली की बाहेरगावचा साहेब काय म्हणणार? मसणवट्यात घर बांधू का म्हणणार. एका दगडापायी सगळे प्लॉट अंगावर पडणार.

"एक विहीर हाय बुजलेली," तो म्हणाला. "बाकी काही न्हाई."

नकाशा काढणाऱ्यानं मान हलवली आणि कागदाची गुंडाळी केली. शिवमूर्तीला त्या रात्री जेवण गेलं नाही, पण त्यानं स्वतःची समजूत घालून घेतली. आपल्यात माणूस मेला म्हणत नाहीत, लिंगैक्य झाला म्हणतात. लिंगात मिळालेला माणूस मुरमात थोडाच बसून राहतो? तिथं आता माती तेवढी आहे. मातीला मातीचा भाव. धर्मातलं एवढं सोयीचं त्याला एरवी कधी सुचलं नव्हतं.

मग एका दुपारी, रानात कुणी नसताना, त्यानं तो दगड स्वतःच्या हातानं उकरला. आधी पाया पडला आणि मग पहार घातली. नकाशात मोकळी सोडायची जागा होती तिथं कोपऱ्यात नेऊन तो रोवला. लिंब तोडून टाकला. प्लॉट बघायला येणाऱ्यांनी दगडाकडे बोट दाखवलं की तो म्हणायचा, "महादेवाचं ठाणं हाय, जुनं." गिऱ्हाईक खूश व्हायचं. देव शेजारी असला की बरं वाटतं माणसाला.

रस्त्यावर कमान उभारायला परवडेना म्हणून लोखंडी पाटी लावली: नागप्पा नगर. हे त्यानं ढोंग म्हणून केलं असं कुणी म्हणू नये. वडलांचं नाव राहावं असं त्याला मनापासून वाटत होतं. नाव वर राहिलं की खालचं फिटलं असा काहीतरी हिशेब त्याच्या मनात असावा.

गौरम्मा ती पाटी बघायला रिक्षात बसून आली. तिला वाचता येत नव्हतं. आणि नवऱ्याचं नाव तिनं जन्मात कधी घेतलं नव्हतं. ते असतानाही नाही आणि गेल्यावरही नाही. ती पाटीखाली उभी राहिली आणि म्हणाली, "शिवा, वाच."

"नागप्पा नगर."

"पुन्ना एकदा वाच."

त्यानं पुन्हा वाचलं. म्हातारीनं डोळ्याला पदर लावला. पुढं शिवरात्रीला ती दिवा आणि बेल घेऊन आली, तेव्हा दगड कोपऱ्यात गेलेला दिसला. लिंबही नव्हता. "रस्ता गेला अव्वा तिथनं," शिवमूर्ती म्हणाला, "स्वामींना विचारून विधीनं हलवलं." स्वामींना त्यानं काही विचारलं नव्हतं. गौरम्मानं मातीवरून हात फिरवला, रिकाम्या जमिनीवर दिवा लावला आणि कपाळ टेकलं. शिवमूर्ती मागे उभा होता. आपली आई आपल्या देखत फसते आहे आणि फसवणारे आपणच, हे त्याला त्या क्षणी इतकं लख्ख कळलं, की त्यानं पलीकडे जाऊन उगाच खुंट्या मोजल्यासारखं केलं.

प्लॉट जाऊ लागले. समाधी होती तो प्लॉट आतल्या अंगाचा, स्वस्तातला. तो घेतला पिराजीनं. पिराजी नांदेड जिल्ह्यातल्या उमरीचा, नव्या जिल्ह्यात कारकुनाच्या जागेवर बदलून आलेला. लांब हाताचा, बोलायला मोकळा आणि देवाधर्माला जरा जास्तच भिणारा माणूस. बायको रुक्मिणबाई त्याच्याहून भित्री. भाड्याच्या गोठ्यात राहून दोघांनाही खोकला जडला होता, म्हणून पोटाला चिमटा घेऊन त्यांनी घर काढलं.

आणि नेमका त्याच सुमारास पावसानं पुन्हा दगा दिला. लातूरला दुष्काळ आला की पहिल्यांदा नळ मरतो. नळाला पाणी कधी येईल हे सांगणारा माणूस जिल्ह्याच्या कचेरीतही सापडेना. त्यामुळे घराला छप्पर असो की नसो, दारात जमिनीखाली हौद पाहिजे. टँकर आला की भरून ठेवता येतं. पिराजीनंही भिंती चढायच्या आधी हौद खणायला घेतला. कुठं? तर जिथं मुरूम जरा मऊ लागला तिथं.

तिथला मुरूम मऊ का होता हे फक्त शिवमूर्तीला माहीत होतं.

त्या दिवशी दुकानात एक डॉक्टर आणि त्यांची बायको प्लॉट बघायला येऊन बसले होते. सोलापूरकडचे होते, दवाखाना टाकायचा होता, कोपऱ्यावरचे दोन्ही प्लॉट एकदम घेणारं गिऱ्हाईक. शिवमूर्तीनं चहा मागवला होता. तेवढ्यात पिराजी पायरी चढून आला. अंगावर मुरमाची धूळ, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी.

"मालक, जरासं बोलायचं व्हतं."

"बोला की. बसा."

पिराजी बसला नाही. "हौद खणून राहिलो मालक मी. तर खाली माणूस निघाला."

डॉक्टरांच्या बायकोनं कप खाली ठेवला.

"माणूस म्हंजे, बसलेला," पिराजी म्हणाला. "मांडी घालून बसल्यावानी. वर पांढरं मीठ. मी तर घाबरलो, लगेच माती लोटून घेतली. पर खोऱ्यासंगं हे वर आलं. गवंडी म्हनला, तुमच्या लोकांचं असतंय हे. म्हणून तुम्हालाच इचारावं म्हनलं, तुमच्या घरचं कुणी हाय का तिथं?"

त्यानं फडकं सोडलं. काळी पडलेली चांदीची डबी होती. एका अंगाला चेमटलेली, आणि चेमटलेल्या जागी तांब्याचा टाका.

शिवमूर्ती लहानपणी रोज सकाळी ती डबी बघत आला होता. वडील पूजेला बसायचे, डबी उघडायचे, लिंग डाव्या तळहातावर घ्यायचे, आणि हा शेजारी बसून त्या तांब्याच्या टाक्यावर नख घासायचा. अप्पा म्हणायचे, "घासू नको रं, निघंल." आत्ताही त्याचं बोट आपसूक पुढं झालं. मग त्याला डॉक्टर दिसले, त्यांच्या बायकोचा चेहरा दिसला, आणि बोट मागं आलं.

"न्हाई," तो म्हणाला. "आमचं न्हाई."

"मग कुणाचं असंल?"

"जुन्या काळी जंगम, आमचे स्वामी लोक, फिरायचे गावोगाव. वाटंत देह ठेवला असंल एखाद्यानं. आमच्या घरचं कुणी न्हाई तिथं."

हे तो इतकं सहज बोलला, की त्याचं त्यालाच नवल वाटलं. डॉक्टर म्हणाले, जुन्या जागेत असं निघतंच कुठं कुठं. बायकोनं पुन्हा कप उचलला. पिराजीनं मात्र डबी कपाळाला लावली. "जंगम म्हंजे म्हाराजच की," तो म्हणाला. "मग असं उघड्यावर टाकून कसं चालंल? तुमी म्हनत असाल तर मी ठिवून घेतो घरी."

"ठेवा," शिवमूर्ती म्हणाला.

पिराजी पायरी उतरून गेला. शिवमूर्तीच्या वडलांना फडक्यात बांधून घेऊन गेला. शिवमूर्तीनं डॉक्टरांना प्लॉटच्या दिशा समजावून सांगितल्या, पूर्व कुठली आणि पश्चिम कुठली. बोलताना त्याचा हात सारखा गळ्यातल्या स्वतःच्या लिंगाकडे जात होता आणि तिथं पोचायच्या आधीच परत येत होता.

उद्या जाऊन पिराजीला एकट्याला गाठू आणि खरं सांगू, असं त्यानं ठरवलं. पण त्याचं उद्या म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊकच आहे. तो गेला तोपर्यंत पिराजीनं हौदाचा खड्डा बुजवून टाकला होता आणि त्यावर ओटा बांधायला घेतला होता. टँकरच्या पाण्यातलं पाणी वाचवून, घरच्या भिंतीला मारायचं ते ओट्याला मारून. त्यापायी घर मागं सरकवावं लागलं, एक खोली कमी झाली. रुक्मिणबाई घागरी घेऊन पार रस्त्यापर्यंत जात होती, कारण आता हौद नव्हता.

"एवढं कामून करता?" शिवमूर्तीनं विचारलं.

"भ्याव वाटतंय मालक, खोटं कामून बोलू?" पिराजी हसला. "त्यांच्या डोक्यावर पाणी साठवायचं म्हंजे काय? पोराबाळांचं घर हाय. आन् बिचाऱ्याला कुणी न्हाई म्हनता तुमी. मग आमीच त्याचे."

शिवमूर्ती मागे फिरला. दुष्काळात पाणी नाही म्हणून जो ओटा राहिला होता, तो दुसऱ्या दुष्काळात परक्या माणसानं बांधला. आपण माडी चढवली तेव्हा आपल्या दारात पाण्याचा हौद काठोकाठ होता, हे त्याला आठवलं, आणि आठवल्यावर रस्त्यातच थांबून कुठंतरी तोंड लपवावं असं वाटलं. पण रस्ता त्याच्याच नगराचा होता. जाणारा येणारा त्याला नमस्कार करत होता.

नगरातल्या बाया ओट्याला हळदकुंकू लावू लागल्या. पत्ता सांगताना लोक "जंगमाच्या ओट्याजवळ" म्हणू लागले. पाटीवरचं नाव पाटीवरच राहिलं.

पिराजीची घरभरणी आली. तो आणि रुक्मिणबाई शिवमूर्तीच्या घरी अक्षता घेऊन आले, आणि थेट गौरम्माच्या पायाशी वाकले. "मावशी, तुमच्या मालकांच्या नावाच्या नगरात घर बांधलं. तुमचे पाय लागले पायजेत." गौरम्माला एवढा मान कुणी बऱ्याच दिवसांत दिला नव्हता. शिवमूर्ती म्हणाला, अव्वाचे गुडघे दुखतात, मी येईन. गौरम्मा म्हणाली, "गुडघे माझे हायत. मी येणार."

ती ठेवणीतलं इरकल नेसली. रिक्षा पाटीजवळ आली तशी तिनं नेहमीप्रमाणे थांबवली. "वाच." त्यानं वाचलं. ती प्रसन्न झाली. शिवमूर्ती मनातल्या मनात नवस बोलत होता, की डबी कुठं आत ठेवलेली असावी, आईची नजर कमी झालेली असावी, काहीही व्हावं आणि आजचा दिवस पार पडावा.

अंगणात न्हाणीशेजारच्या ओट्यापाशी गौरम्मानं चप्पल काढली आणि सगळ्या जंगमांना करतात तसा नमस्कार केला. "छान बांधलाय," ती म्हणाली. शिवमूर्तीकडे वळून हळूच पुढं म्हणाली, "आपलाबी असाच बांध आता, शिवा." त्यानं मान हलवली. मान खाली गेली ती त्याला वर करता येईना.

रुक्मिणबाईनं म्हातारीला हाताला धरून आत नेलं. देवघर म्हणजे भिंतीतला एक कोनाडा. त्यात उमरीहून आणलेले देवांचे टाक, आणि मधोमध, लाल कापडावर, ती डबी. रुक्मिणबाईनं चिंचेनं घासून लख्ख केली होती. टाका तांबूस चमकत होता.

गौरम्मा तिथं उभी राहिली. तिची नजर चांगली शाबूत होती. तिनं काही न विचारता हात पुढं केला, डबी उचलली, आणि अंगठा बरोबर त्या चेमटलेल्या जागी ठेवला.

"हे आमचे जंगम म्हाराज," रुक्मिणबाई कौतुकानं सांगू लागली. मागे डॉक्टरांची बायको आणि नगरातल्या बाया दाटल्या होत्या, दारात पिराजी आणि शिवमूर्ती. "हौद खणताना निघाले बगा, भाईर वट्टा हाय न, तिथंच. यायनी दुकानात नेऊन मालकांना दावलं. मालक म्हनले, आमच्या घरचं कुणी न्हाई. मग आमी ठिवून घेतलं. तुमी वळखता का वो मावशी? तुमच्यातले कुणी असतील तर नाव तरी कळंल. रोज पूजा करतो, पर नाव म्हाईत न्हाई."

गौरम्मानं मान वळवली आणि मुलाकडे पाहिलं. फार वेळ नाही. पण त्या वेळात तिनं कोपऱ्यातल्या दगडापुढं केलेले सगळे नमस्कार परत उचलून घेतले. शिवमूर्तीला वाटलं, आता बोलते. आता सगळ्यांदेखत बोलते. आणि खरं सांगायचं तर त्याला त्यात सुटका वाटली. तिनं एक कानाखाली मारावी, डॉक्टरीणबाईंनी ऐकावं, गावानं थुंकावं, आणि एकदाचं हे संपावं.

गौरम्मानं पदर डोक्यावरून पुढं ओढला. सासऱ्यापुढं, नवऱ्यापुढं ओढायची तसा.

"न्हाई बाई," ती म्हणाली. "आमचं न्हाई कुणी."

आवाज जरासाही हलला नाही. मग तिनं रुक्मिणबाईला शेजारी बसवून घेतलं आणि शिकवलं. लिंग असं डाव्या हातावर घ्यायचं. भस्म या तीन बोटांनी. पाणी थोडंच, आणि ते थंड नको, "यांना थंड पाणी सोसत न्हाई" असं ती बोलून गेली, आणि लगेच सावरून म्हणाली, "जंगमांना सोसत न्हाई." बायांनी माना डोलावल्या. तिनं बेलाचं पान ठेवलं, डबी बंद केली आणि कापडावर होती तशी ठेवली. ठेवताना अंगठा त्या टाक्यावरून निघायला थोडा वेळ लागला.

ती व्यवस्थित जेवली. पुरण वाढलं तर पुन्हा मागून घेतलं. पिराजीला डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, "तुझं घर भरलेलं ऱ्हाईल." शिवमूर्ती ताटातली पोळी नुसती मोडत बसला. आपल्या आईनं आपली अब्रू झाकायला नवऱ्याला परका म्हटलं, आणि आपण दारात उभं राहून ते ऐकलं. आजवर त्याला लाज वाटत आली होती ती कुणाला कळेल या भीतीची. ही लाज वेगळी होती. आता कुणालाही काही कळणार नव्हतं, आणि तरी ती हाडापर्यंत गेली होती.

परतताना रिक्षा पाटीजवळ आली. शिवमूर्तीनं रिक्षा हळू करायला सांगितली. ती "वाच" म्हणेल म्हणून तो थांबला. गौरम्मा पाटीकडे बघत होती.

"नागप्पा नगर," तीच म्हणाली.

शिवमूर्ती दचकला. साऱ्या जन्मात तिच्या तोंडून ते नाव त्यानं ऐकलं नव्हतं.

"अव्वा, नाव घेतलंस?"

"आपलं कुणी न्हाई म्हणल्यावर नाव घ्यायला काय झालं?"

रिक्षा पुढं निघाली. शिवमूर्तीनं तिचे पाय धरायचा प्रयत्न केला, पण रिक्षात धड वाकताही येईना. "मी चुकलो अव्वा. आत्ता मागं फिरू. पिराजीला सांगतो, सगळ्यांदेखत सांगतो, ते अप्पा हायत म्हणून."

"सांगू नको," गौरम्मा म्हणाली. "आता तू खरं बोललास तर मी खोटी पडते. मी त्या पोरीच्या देवापुढं बोलले."

एवढी एक वाट होती, तीही त्यानं आपल्या हातानं आईकडून बंद करून घेतली होती. बाजार लागला. हमाल पोती उतरवत होते, कुणीतरी "राम राम मालक" म्हणून हात केला, आणि शिवमूर्तीचा हात सवयीनं वर गेला.

"मन्मथला निरोप धाड," थोड्या वेळानं गौरम्मा म्हणाली. मन्मथ म्हणजे तिचा धाकटा भाऊ, उदगीरला असतो, किल्ल्याच्या अंगाला त्याचं रान आहे. "म्हणावं, तुझ्या रानात बहिणीला जागा ठेव. बसण्यापुरती."

"असं काय बोलतीस? तुझी जागा अप्पाच्या शेजारी हाय."

"तिथं रुक्मिणची न्हाणी हाय." ती म्हणाली. "उदगीरला अजून जिल्हा न्हाई झाला न?"

"न्हाई अव्वा," शिवमूर्ती म्हणाला. "मागणी हाय लोकांची. पर अजून न्हाई झाला."

"मग तिकडंच बरं," म्हातारी म्हणाली, आणि घर येईपर्यंत बाहेर बघत राहिली.